आधी खिडकी लावायची

कारेगाव, ता. शिरूर
२३ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा व आईस,
करुणाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

नाताळची सुट्टी लागली, म्हणून दीक्षाला तिच्या पप्पांबरोबर भांडगावला पाठवते आहे. पत्र तिच्या दप्तरात ठेवलंय. फोन सोडून पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण आप्पांना फोनवर ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि आमच्या खोलीची भिंत म्हणजे नुसता आडोसा. पलीकडे घरमालकीण दगडाबाई असतात.

यंदा विहारात मुलांचं शिबिर घेताय, फार बरं केलंत. शाळेत सांताच्या टोप्या घालून झाल्या, आता जरा आपलंही शिकू दे. वंदना तिला अख्खी पाठ आहे. आम्ही रोज संध्याकाळी म्हणतो. फक्त आवाज बारीक आहे, त्यावरून रागावू नका. कानटोपी घालायला लावा. आणि वांग्याच्या फोडी ती ताटाखाली लपवते, तेवढं बघा.

लोभ आहेच, तो लेकीपेक्षा नातीवर जास्त नसावा.
आपली,
करुणा

भांडगाव, ता. दौंड
२७ डिसेंबर

चि. करुणास,
आप्पाचा जयभीम आन् आशीर्वाद.

इकडं सारी खुशाल हाय. पोरगी वांगं मिटक्या मारत खाती. तुझ्या हातचं खात नसंल, त्याला ती काय करील?

आता जे लिहितोय ते फोनवर बोललो असतो तर तोंडातनं शिव्या गेल्या असत्या. पहिल्या सांजंला पोरं विहारात बसली. मी दीक्षाला म्हणलं, मेणबत्ती तू लाव. तर ही उठली आन् आधी खिडक्या लावल्या. सगळ्या. मग दाराला कडी घातली. मला वाटलं, वाऱ्यानं ज्योत विझंल म्हणून लावती. पोरगी हुशार निघाली, म्हणून मी कौतुक करत बसलो. मग तिनं विचारलं, टीव्ही कुठं हाय. अगं, विहारात टीव्ही कशाला, म्हणून मी मोठ्यांदा हसलो. तवा तिनं सगळ्या पोरांना नीट समजावून सांगितलं की आधी खिडकी लावायची, मग टीव्हीचा आवाज वाढवायचा, आन् मग बुद्धं सरणं म्हणायचं. वंदना अशीच असती म्हणं.

माझं हसू तिथंच विरलं. दुसऱ्या सांजंला बारकी पोरं तिच्या आधी खिडक्यांकडं पळाली. इंग्लिश मीडियमची पोरगी सांगती म्हंजी खरंच असणार, असं त्यांना वाटलं. तुझी आई पदर तोंडाला लावून बसली हुती. उभा जन्म रेल्वेच्या गँगमध्ये रूळ उचलताना आरोळ्या मारण्यात गेला माझा, कवा कुणापुढं आवाज खाली केला न्हाई. आन् त्या सांजंला आपल्याच विहारात मला मान वर करवंना.

करुणा, कुणाला भिता गं तुम्ही? खरं लिही. शिबिरात आता चौथं शील चाललंय, खोटं बोलायचं न्हाई. आज कुठं खोटं बोललास, असं पोरं एकमेकांना विचारत्यात. दीक्षाची पाळी आली की ती गप बसती.

जावयांना जयभीम. राग लई हाय, पर माया त्याच्याहून जास्त हाय, ध्यानात ठेव.
तुझा,
आप्पा

कारेगाव
३० डिसेंबर

तीर्थरूप आप्पांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि पोळपाट तसाच ठेवून बसून राहिले. दीक्षाला न्यायला हे उद्या येतायत, त्यांच्याच हाती उत्तर देते.

इथं कंपन्यांमुळे भाड्याच्या खोल्यांना तोटा नाही. पण आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. असं दोनदा झालं. मग दगडाबाईंनी विचारलं, आमच्यातलेच ना. हे गप्प राहिले. मान मी हलवली. तुमच्या लेकीनं, आप्पा. बुद्धांचा फोटो कपाटाच्या आत लावला, तोही मीच.

दगडाबाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. माझी सेकंड शिफ्ट असली की दीक्षाला मांडीवर घेऊन भाकरी त्याच भरवतात. खरं सांगितलं तर खोली जाईल, आणि पोरीची ती मांडीही जाईल. खिडकी का लावतो म्हणून दीक्षानं एकदा विचारलं, तर मी सांगितलं की डास येतात.

तुम्ही शिकवलेली वंदना मी मालिकांच्या आवाजाखाली दडपली. मला माझी लाज वाटते. दीक्षा आली की खिडकी उघडी ठेवीन, हा माझा शब्द.

रागावलात तरी परकी करू नका.
तुमची,
करुणा

कारेगाव
४ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस,
सप्रेम जयभीम. आईला वेगळं लिहीत नाही, हेच वाचून दाखवा.

काल संध्याकाळी टीव्ही बंद केला. फोटो कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि खिडकी सताड उघडली. दीक्षा पळत गेली आणि लावून आली. मी परत उघडली, ती परत लावायला निघाली. हात धरला तर रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं, आप्पांच्या विहारात उघडीच असते ना. तर म्हणाली, तिथं दगडाआजी नाहीत. इथं आजीनं ऐकलं तर ती मला मांडीवर घेणार नाही.

आप्पा, हे तिला आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. डासांची थाप तिनं कधीच ओळखली होती. विहारात वंदना अशीच असते म्हणाली, ते आम्हाला सांभाळून घ्यायला. आठ वर्षांची पोर आईबापाची अब्रू झाकत होती, आणि आम्ही समजत होतो की आपण तिला जपतोय.

मग मला घरात थांबवेना. तशीच उठले आणि तिला घेऊन दगडाबाईंकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, खोलीचं पोराला विचारून सांगते. एरवी दीक्षा दिसली की हाक मारतात, काल मारली नाही. दीक्षा थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. मग तीच माझा हात ओढून मला परत घेऊन आली.

खोलीत आल्यावर तिनं तोंड धुतलं आणि फोटोपुढे बसली. आता मोठ्यानं म्हणायचं का, असं विचारलं. मी म्हटलं, हो. तर म्हणाली, मग आई, आधी तू म्हण.

मी हात जोडले, तोंड उघडलं. आप्पा, मला आवाजच फुटेना.

लायकी नसली तरी लोभ असू द्यावा.
तुमची,
करुणा