हवेचं मीटर पर्समध्येच होतं

शुक्रवार, लिवाच्या वाळवंटातून परतल्यावर

आज सूड घेतला.

हे गेले ती जागा दाखवायला सावंतभावजींनी गाडी काढली. कंपनीत ते ह्यांचे सुपरवायझर. दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगतायत की टायरची हवा न काढता वाळूत शिरला, अडकला, उन्हाने गेला. माझा रोहनसुद्धा म्हणतो, "बाबा वॉज केअरलेस." हे? भाजी आणायला निघाले तरी आधी टायर बघणारे? त्यांचं हवेचं मीटर मी पर्समध्येच बाळगते.

डांबरी रस्ता संपला. मऊ वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून टायरची थोडी हवा काढायची असते, ती भावजींनी काढलीच नाही. मी पाहिलं आणि गप्प बसले. दहा मिनिटांत चाकं रुतली.

भावजी हातांनी वाळू उपसत राहिले. पाण्याचा कॅन माझ्या पायाशी होता.

"वहिनी, पाणी द्या."

"आधी सांगा, ह्यांनी हवा काढली होती ना?"

"आता कशाला ते? यल्ला, लवकर द्या ना!"

मी कॅन मांडीवर घेतला.

खाली बघत म्हणाले, "काढली होती. त्याच्या गाडीचा रेडिएटर गळत होता, म्हणून ती बंद पडली. मला आधीच माहीत होतं, तरी त्याला त्याच गाडीने पाठवला."

पाणी दिलं. तहानलेल्याला थांबवलं म्हणून हे रागावले असते का? असतील. मग मीटर लावून चारही टायरची हवा पंधरा पीएसआयवर आणली, ह्यांनी शिकवलं होतं तसं. गाडी निघाली.

"हे कुणाला सांगू नका, वहिनी."

"मी नाही सांगणार. उद्या घरी या. रोहनला तुम्हीच सांगायचं."

मीटर परत पर्समध्ये ठेवलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर, डॅशबोर्डवर ठेवलं. दुबईपर्यंत तिथेच होतं.