एकेचाळीस चिठ्ठ्या

इंद्रायणी,

कॉलेजच्या लॅबमध्ये मी तुझ्या फुलपाखरांच्या पेटीतल्या चिठ्ठ्या ओरबाडल्या, त्याला दीड वर्ष झालं. मावळभर हिंडून आपण जमवलेली एकेचाळीस स्किपर फुलपाखरं, सगळी तपकिरी, दिसायला सारखीच. प्रत्येकाच्या टाचणीत टोचलेल्या चिठ्ठीवर आपल्या वर्गातल्या श्रीयशचं नाव दिसलं आणि माझं डोकं फिरलं. पकडायला मी आणि नाव त्याचं? तू म्हणत होतीस, "समर्थ, थांब, वरची चिठ्ठी तरी वाच." मी थांबलो न्हाई.

चिठ्ठ्या खिशात कोंबून घरी पवनानगरला आलो आणि मग वाचल्या. खालची चिठ्ठी जात ओळखणाऱ्याची, ती श्रीयशची. पंखाखाली झाकलेली वरची, कुठं, कधी, कुणी पकडलं त्याची. त्या एकेचाळीस चिठ्ठ्यांवर तुझ्या बारीक अक्षरात माझं नाव होतं.

चिठ्ठी नसलेलं फुलपाखरू अभ्यासाच्या कामाचं न्हाई, हे तूच शिकवलंस. तुझं वर्षभराचं काम मी घालवलं. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून कॉलेजच सोडलं. आता धरणाकाठी पर्यटकांचे तंबू ठोकतो.

कान्हे स्टेशनमागं पकडलेलं ते एकच, माझ्या जाळीत उजवा पंख फाटलेलं. "धसमुसळ्या," म्हणून हसली होतीस. तेवढ्या एकाचीच चिठ्ठी मला नक्की सांगता येते. ती या पाकिटात घातलीय.

वडगावच्या पोस्टापर्यंत तीनदा गेलतो, तीनदा परत आलो. बाकीच्या चाळीसांत कुठली चिठ्ठी कुणाची, असं तू विचारलंस तर काय सांगू?

पकडणारा,
समर्थ