गार्ड उद्या बसवणे

७ ऑक्टोबर २००२, सोमवार. घटस्थापना.

आजपासून वर्कशॉप सुरू. जागा: सोसायटीच्या पार्किंगमधला मागचा, जाळीच्या दाराचा कोपरा. चेअरमन रावसाहेबांनी परवानगी दिली, कारण सेफ्टीच्या माणसाला नाही कसं म्हणणार. कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. मार्चमध्ये व्हीआरएस घेतली. (घेतली. दिली नाही. एकदा लिहून ठेवतो.) सात महिने घरात होतो. हिच्या मते सात महिने घरात आडवा येत होतो.

तेजसने बंगलोरच्या नोकरीतल्या पहिल्या पगारातून ड्रिल मशीन आणि लोखंड कापायचा हँड ग्राइंडर घेऊन दिला. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असला तरी वळण माझं आहे.

भिंतीवर स्वहस्ते अकरा नियम लावले. नियम १: ग्राइंडरचा गार्ड कधीही काढू नये. गार्ड म्हणजे चाकावरची पत्र्याची अर्धी टोपी. चाक फुटलं तर तुकडे माणसाकडे येऊ नयेत म्हणून. ‘कधीही’खाली लाल शाईच्या दोन रेघा.

१० ऑक्टोबर, गुरुवार.

ड्रिलने पहिलं भोक पाडलं. देव्हाऱ्याच्या खुंटीसाठी. नियम ३ प्रमाणे गॉगल लावायला हवा होता, पण चष्म्यावर बसत नाही. चष्मा हाही एक प्रकारचा गॉगलच.

एक्स्टेन्शन बोर्डाला प्लग नाही. वायरची दोन टोकं सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्यांनी दाबून बसवली. तात्पुरतं. हे नियमात कुठे बसत नाही, म्हणून मोडतही नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार.

सुखदेव आला. आमच्याच कंपनीतला फिटर, व्हीआरएसच्या त्याच यादीतला. धायरीला राहतो, आता ग्रिलची कामं घेतो. आमच्या जिन्याच्या खिडक्यांचं काम माझ्या शब्दावर त्याला मिळालं. मागच्या दोन बिल्डिंगचंही मिळेल, हे चांगलं झालं तर. कंपनी सुटल्यापासूनचं त्याचं पहिलं मोठं काम. माझी तशी खूप चालते.

त्याने काड्या पाहिल्या. कोपऱ्यावरून थ्री-पिन प्लग आणून बसवला. मग म्हणाला, की साहेब, तुम्ही कंपनीत ह्याच काड्यांसाठी मला मेमो दिला होता. मी म्हटलं, बघत होतो तुला आठवतं का.

१४ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी.

हत्यारांची पूजा. करवत, पाने, ड्रिल, ग्राइंडर, सगळं पुसून पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं. झेंडूचा हार ग्राइंडरला घातला तर गार्डमुळे चाकावर बसेना, सारखा घसरायचा. फोटोत वाईट दिसलं असतं. फोटो तेजसला मेलने जायचा होता.

गार्ड काढला. एकच स्क्रू. पूजेपुरता. आज मशीन चालूच करायचं नसतं, त्यामुळे धोका शून्य. संध्याकाळी बसवणे.

रात्री ९. गार्ड उद्या बसवणे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.

श्रीखंड. झोप. गार्ड उद्या.

१६ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ ९.

गार्ड आहे, स्क्रू नाही. पाटाखाली, हाराखाली, सगळीकडे पाहिलं. बहुतेक निर्माल्यात गेला. बुधवार पेठेत जाऊन तसाच घेऊन येतो. दुसरा कुणी असता तर तारेने बांधला असता. मी योग्य मापाचा स्क्रू आणणार. सवय.

संध्याकाळ ६.



बुधवारात स्क्रू पहिल्याच दुकानात मिळाला. मग पुस्तकांच्या दुकानात शिरलो. मग मिसळ. दीडला परतलो तर पार्किंगमध्ये गर्दी. सुखदेवचा ग्राइंडर सकाळी जळाला. त्याने हिच्याकडे माझा मागितला. हिने दिला. जिन्याची दुसरी खिडकी करताना पाइपात चाक अडकलं, फुटलं, तुकडा डाव्या तळहातात घुसला. चौदा टाके. दोन बोटांच्या शिरा तुटल्या.

फरशीवर रक्त होतं. मी पाणी टाकलं. नंतर ग्राइंडर उचलून घरी आणला. गार्ड माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. तिथेच ठेवला. स्क्रू शर्टाच्या खिशात आहे.

गार्डबद्दल कुणी विचारलं नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.

धायरीच्या हॉस्पिटलात जाऊन आलो. शहाळी नेली. सुखदेवची बायको हिराबाई म्हणाली, की साहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं त्यांना. मी शहाळ्याबद्दल बोलत राहिलो. शहाळ्याबद्दल इतकं बोलण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं.

विचार: तो काम करताना मी तिथे नव्हतो. नसलेल्या माणसाची जबाबदारी किती? बसमध्ये पुष्कळ विचार केला. धायरीपासून निघालो तेव्हा शून्य वाटली, कर्वेनगर येईपर्यंत वाढली.

२० ऑक्टोबर, रविवार.

रावसाहेब आले. म्हणाले, की श्रीधरपंत, कमिटीला अपघाताचा एक व्यवस्थित रिपोर्ट हवा, उद्या कुणी विचारलं तर कागद असावा. आणि तुमच्याशिवाय हे कोण लिहिणार. नाही म्हणणं शोभलं नसतं.

रिपोर्टात सगळं स्पष्ट लिहायचं. संकल्प.

२१ ऑक्टोबर, सोमवार.

पहिला मसुदा: गार्ड मालकाने पूजेसाठी काढला होता. ‘मालक’ शब्द बरा दिसेना. दुसरा मसुदा: गार्ड काढण्यात आला होता. कुणी, हा प्रश्न येतो. तिसरा मसुदा: मशीनला गार्ड नव्हता. यात खोटं काय आहे?

शेवटचा रकाना, ‘कारण’. कंपनीत दोनशेच्या वर रिपोर्ट लिहिले. या रकान्यात दरवेळी एकच लिहायचो: कामगाराचा निष्काळजीपणा. रकान्याची रुंदी बरोबर तेवढीच असते. पेन आपोआप चाललं. सही केल्यावर वाचलं.

एकेक शब्द खरा आहे. गार्ड नव्हता, तरी वापरलं. तरी जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२७ ऑक्टोबर, रविवार.

कमिटीची मीटिंग. रिपोर्टाची भाषा सर्वांना आवडली. मग रावसाहेब म्हणाले, की असा निष्काळजी माणूस पुन्हा आत घ्यायला नको. सुखदेवचं काम काढून दुसऱ्याला दिलं. मागच्या दोन बिल्डिंगचंही. माझे आभार मानण्याचा ठराव झाला. एकमताने, म्हणजे माझ्याही.

असं होईल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रात्री. आलं होतं.

३० ऑक्टोबर, बुधवार.

दिवाळीची साफसफाई. हिने माझा ड्रॉवर काढला. सांगूनही. गार्ड हातात घेऊन विचारलं, की हे रिपोर्टात आलं का. मी म्हटलं, रिपोर्टाचा फॉरमॅट वेगळा असतो. ही म्हणाली, की मशीन मी माझ्या हाताने दिलं त्यांना. मला वाटत होतं माझं चुकलं. पंधरा दिवस झोप नाही मला.

हे मला माहीत नव्हतं. शेजारीच झोपतो.

तेव्हापासून बोलत नाही. ताट वाढते, पण ठेवण्याचा आवाज वेगळा येतो.

२ नोव्हेंबर, शनिवार.

धाडस केलं. दुसरा रिपोर्ट लिहिला. कारण: गार्ड मी काढला, परत बसवला नाही. सही. रावसाहेबांकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि परत दिला. म्हणाले, की झालं गेलं, आता ठराव फिरवायला पुन्हा मीटिंग घ्यावी लागेल, सणाच्या तोंडावर कशाला. शिवाय आभाराच्या ठरावाचं काय करायचं.

मी सांगितलं, हे महत्त्वाचं. स्वीकारणं त्यांच्याकडे. खूप हलकं वाटलं. साधारण जिना उतरेपर्यंत.

५ नोव्हेंबर, मंगळवार.

तेजस सुट्टीवर आला आहे. वर्कशॉप बघू म्हणाला. मी म्हटलं, कुलपाची किल्ली सापडत नाही. किल्ली खिशात होती, स्क्रूबरोबर. तेजस म्हणाला, की बाबा, ऑफिसात सगळ्यांना तुमचा हारवाला फोटो दाखवला. सगळ्यांना खूप आवडला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

दुसरा रिपोर्ट सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावला. सकाळी ७.१०. पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, चार टाचण्या. ७.४० ला काढला. बोर्ड पुसायला हवा होता. पुसून होईपर्यंत कागद घडी घालून खिशात ठेवला, तो तिथेच राहिला. अर्ध्या तासात दोघांनी पाहिला असावा. एक दूधवाला.

ही गॅलरीतून बघत होती. नऊ दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, की बोर्डाला काय सांगता, धायरीची बस किती वाजता असते ते बघा.

दुपारी कागद पुन्हा लावला. बोर्डाच्या काचेला कुलूप लावलं. किल्ली हिच्याकडे दिली, म्हणजे माझ्याच्याने निघणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ ७.

धायरीला जाऊन आलो. पिशवीत गार्ड आणि हिने दिलेला फराळाचा डबा. बसमध्ये पाठ केलं होतं: आधी परिस्थिती, मग तांत्रिक अडचण, मग खेद.

सुखदेव दारात खुर्ची टाकून रबरी चेंडू दाबत होता. तीन बोटं दाबतात, दोन नुसती चेंडूवर पडून राहतात. डॉक्टर म्हणतात सहा महिने व्यायाम, मग बघू. हिराबाईंनी पाणी दिलं. पाठ केलेलं काही आठवेना. गार्ड मी काढला, बसवला नाही, आणि रिपोर्टात सगळं त्याच्यावर ढकललं, असं एका दमात सांगितलं.  हिराबाई आत निघून गेल्या.

सुखदेवने चेंडू दुसऱ्या हातात घेतला. म्हणाला, की मशीनला गार्ड नाही हे त्याने प्लग लावायच्या आधीच बघितलं होतं. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर हात लावला नसता. पण म्हटलं साहेबांचं आहे, साहेबांनी काढलाय म्हणजे काहीतरी विचार करूनच काढला असेल.