इरकली काठाचा टेम्पो

२ डिसेंबर

चोर! सरळसरळ चोर! आणि वर लिहितो काय, तर 'सारे मॉडल मेरे ख़ुद के बनाए हुए हैं।' लाज ना शरम!

झालं असं. दुपारी जेवताना स्मृतीने मोबाईल पुढे केला. ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची सवय! "ए मंजिरी, देख ना यार, किसी ने गेममध्ये आपलं ग्वाल्हेर बनवलंय. एकदम सेम गोरखी!" पाहिलं तर सवाऱ्यांचा पिवळा-काळा टेम्पो बाड्याच्या चौकातल्या गोरखी वाड्याच्या दरवाज्यातून बाहेर पडतोय आणि मागे हिरवा पडदा फडफडतोय. लाल काठाचा.

घास तोंडातच राहिला. तो पडदा म्हणजे माझ्या आईची इरकल! मी स्वतः गच्चीवर पसरून तिचा फोटो काढला होता आणि तोच टेम्पोला पडदा म्हणून लावला होता. काठाजवळ इस्त्रीने जळलेला डाग आहे. फोटोचा तुकडा एकच, तोच पुढे पुढे जोडत जायचा. त्यामुळे डागही पुन्हा पुन्हा येतो. आलाच! ओळीने!

टेम्पो माझा. गोरखीचा दरवाजा माझा. बाड्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा माझे. अपलोड करणारा कोण, तर 'चंबल राइडर'. माझं नाव कुठे शोधून सापडत नाही.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता साइटवाल्यांकडे तक्रार ठोकली. इरकलीचा मूळ फोटो जोडला, डागाभोवती लाल गोल केला. त्या राइडरलाही लिहिलं — "बेटा, जिसकी साड़ी का परदा बनाया है, उसकी बेटी बोल रही हूँ." आता बरं वाटतंय.

३ डिसेंबर

आई विचारते, "पैसे बुडाले का ग?" म्हटलं, यात पैसे नसतातच. "मग एवढी का तणतणतेस?" आता हिला काय सांगू! म्हटलं, हे बघ आई, गेम दुसऱ्याचा असतो. आपण त्यात आपली गाडी, आपला रस्ता नेऊन बसवायचा, त्याला मॉड म्हणतात. सगळे फुकट करतात, फुकट वाटतात. दुसऱ्याची वस्तू घ्यायची तर आधी विचारायचं आणि खाली त्याचं नाव लिहायचं. बस! एवढी एकच रीत आहे, आणि तीही या माणसाला पाळवत नाही.

"म्हणजे लग्नात दुसऱ्याकडून पातेली आणतो तसं," आई म्हणाली. "नाव घातलेलं असतं म्हणून परत जातात."

अगदी तसंच!

बाबा पेपर वाचत होते. वर पाहिलं नाही. गेम हा शब्द निघाला की त्यांना ऐकू येईनासं होतं. चार वर्षं झाली या बहिरेपणाला.

४ डिसेंबर

साइटवाल्यांचं उत्तर आलं. तक्रार दाखल झाली म्हणे. एकच प्रश्न — तुम्ही हे मॉडेल याआधी कुठे आणि कधी प्रसिद्ध केलं होतं?

तारीख शोधायला जुना फोल्डर उघडला.

कुठेच नाही. मी हे कधी कुठे टाकलेलंच नाही! अर्धवट राहिलं होतं. या फाइली जगात दोनच कॉम्प्युटरवर होत्या. एक माझा. दुसरा यशोचा.

यशोधन. माझा भाऊ. नाव लिहायला किती दिवसांनी हात गेला! या वहीतसुद्धा मी त्याला टाळत आले. टेम्पो मी घडवायचा आणि रस्ता त्याने टाकायचा, अशी आमची वाटणी होती. मी उंची चुकवली की ओरडायचा, "ए मंजे, या टेम्पोत बकरी बसणार आहे का?" बँकेच्या परीक्षेच्या दिवशी साहेब पेपरला गेलेच नाहीत, घरात गेममधला इंदरगंजचा चौक पूर्ण करत बसले. बाबा म्हणाले, "खेळणी करायची असतील तर माझ्या घरात नको." झालं! गेला निघून. संध्याकाळी एक मेसेज — 'ठीक आहे मी. शोधू नका.' मग नंबर बंद. आम्ही शोधलं. पुण्याच्या आत्याकडे, त्याच्या दोस्तांकडे, सगळीकडे. नाही सापडला.

म्हणजे हा राइडर… यशो आहे. जिवंत आहे! कुठेतरी बसून माझाच टेम्पो चालवतोय, गाढव! मी हसतेय की रडतेय, मलाच कळेना. आई स्वयंपाकघरातून दोनदा विचारून गेली.

तक्रार मागे घ्यायला गेले तर घेता येत नाही. पुरावा पक्का आहे म्हणे. असणारच! लाल गोल मीच केलाय ना!

५ डिसेंबर

उत्तर नाही. मी त्याला चार ओळी लिहिल्या होत्या, त्या पाठवताना चाळीस वेळा पुसल्या. शेवटी एवढंच — "यशो, तूच ना?"

७ डिसेंबर

आज सुट्टी. मॉड उतरवून घेतला आणि सकाळपासून टेम्पो चालवतेय.

आमचं काम इंदरगंजपर्यंत आलं होतं. पुढे नुसतं करडं मैदान. कड्यावरून गाडी खाली पडायची आणि आम्ही दोघं खिदळायचो. आता पडत नाही. रस्ता पुढे जातो, थेट मुरारपर्यंत! मुरारच्या बाजाराच्या तोंडाशी बेडईवाल्याची, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्यांची, गाडी उभी आहे. तिच्याजवळ बाक, बाकाच्या एका पायाखाली वीट. ती वीट! शाळा बुडवून आम्ही त्याच बाकावर बेडई खायचो, आणि वीट सरकवून एकमेकांना पाडायचो. हे दुसऱ्या कोणाला ठाऊक? मी टेम्पो तिथे लावला आणि बसून राहिले.

आईला सांगावंच लागलं. आधी विश्वासच बसेना. मग पदराने चष्मा पुसून खुर्चीवर बसली. "आपलं घर आहे का यात?" आहे! गल्लीत वळले तर हिरवं दार, तुळशीचा डबा, बाबांची स्कूटरसुद्धा. मी नव्हतं केलं हे. त्याने केलंय, एकट्याने.

"दार उघड ना."

"उघडत नाही आई. बाहेरून नुसता देखावा असतो. आत काही नसतं."

"आत काहीच नाही? स्वयंपाकघर नाही?"

"नाही."

तिने स्क्रीनवरच्या त्या दारावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, खरं दार उघडं आहे." आणि उठून गेली. मला फार आठवण येतेय त्याची. भांडायला दुसरं कोणी नाही या घरात.

९ डिसेंबर

उत्तर आलं!!

आणि आलं ते असं — 'दीदी, सॉरी, ग़लती हो गई. मेरा नाम हेमेंद्र है. आप कहो तो नाम डाल देता हूँ. प्लीज़ रिपोर्ट हटा दो.'

दीदी! यशोने जन्मात मला दीदी म्हटलेलं नाही. हा यशो नाही. कोणी भलताच आहे.

मग फाइली याच्याकडे कशा? यशोने कॉम्प्युटर विकला? हरवला? की… पुढचं लिहीत नाही. पण मग ती वीट? ते हिरवं दार? लगेच विचारलं, "भैया, रिपोर्ट छोड़ो, ये फ़ाइल किसने दी?" 

१० डिसेंबर

गेलं सगळं. साइटवाल्यांनी मॉड काढून टाकला. 'चंबल राइडर'चं खातं बंद. तुमची तक्रार मान्य झाली, अभिनंदन! अभिनंदन म्हणे!

माझा प्रश्न त्याने वाचलाच नाही. आता तो मला लिहू शकत नाही आणि मी त्याला. एक धागा हाती लागला होता, तो मीच कापला. ऑफिसात स्मृती म्हणाली, "अरे, जीत गई तू तो!" तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं, तिळाची गजक आणून दिली.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती सकाळपासून दोनदा म्हणाली, जरा तो टेम्पो लाव ना.

१२ डिसेंबर

साइटवाल्यांना तीन वेळा लिहिलं. दर वेळी तेच छापील उत्तर — मूळ मालकाने लेखी परवानगी दिली तरच बंदी उठेल. म्हणजे मी! ज्या नावासाठी एवढा तमाशा केला, ते नाव आता मीच सोडायचं. सोडते बाबा, घ्या! टेम्पो घ्या, दरवाजा घ्या, इरकल घ्या, फक्त त्या पोराला बोलू द्या.

परवानगी लिहायला बसले तर धड लिहिताच येईना. सगळी रडारड. प्लीज, माझा भाऊ, चार वर्षं, प्लीज.

मागे बाबा केव्हा येऊन उभे राहिले कळलंच नाही. जन्म सगळा ऑडिटमध्ये गेलेला माणूस. म्हणाले, "अर्ज असा लिहितात? सरक." खुर्ची ओढून बसले. माझी रडारड सगळी खोडली. इंग्रजीत चार वाक्यं, एकही शब्द जास्त नाही. 'सदर मॉडेलची एकमेव मालक या नात्याने मी श्रेय न देता वापरण्यास संपूर्ण परवानगी देत आहे. तक्रार गैरसमजातून झाली होती.' दोनदा वाचून दाखवलं मला.

मग चष्मा काढून म्हणाले, "आई सांगत होती, स्कूटर घातलीय त्याने."

"हो बाबा."

"नंबर बरोबर आहे?"

टेम्पो माझ्याकडे उतरवलेला होताच. लावून दाखवला. बाबा वाकून वाकून बघत होते. नंबर बरोबर होता. जेवताना त्यांनी भाकरी अर्धी टाकली. मी त्या माणसावर चार वर्षं मनातून चिडून होते. आज नाही चिडता आलं.

१४ डिसेंबर

काही नाही. थंडी फार. आई दाराची कडी दुपारीही लावू देत नाही.

१६ डिसेंबर

खातं उघडलं! आणि पाठोपाठ हेमेंद्रचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवते —

'दीदी, मैं झाँसी में यश सर की कंप्यूटर क्लास में सीखता हूँ. फ़ाइल सर ने ही दी थी. मैंने कहा, सर, बनाने वाले का नाम तो डालूँ? सर बोले, बिल्कुल मत डालना. लिख देना सब मेरा है. मैंने कहा, सर, जिसकी है वो लड़ने आ जाएगा. सर बोले, घर जाने का मुँह नहीं है मेरा. चार साल से उसी के लड़ने आने का इंतज़ार है.'

झाशी! दीड तासावर!

उद्या सकाळच्या गाडीची तिकिटं काढली. तीन.