टाकीवरचा जोडीदार

खारी, भाईंदर पूर्व
१२ जानेवारी २०२५

प्रिय गुणवंता,
स.न.वि.वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आशाला मध्ये घातलं की ती निम्मं स्वतःचंच सांगते. भाऊ म्हणून मला तिची ही खोड लहानपणापासून ठाऊक आहे. तोफांनी तुझे कान खाल्ले, त्यात माझं अक्षर मात्र सुधारलं.

इकडे सगळे खुशाल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून रविवारी मुर्ध्याला जातो, खाडीच्या कडेने फिरतो आणि येताना मासळी आणतो. सूनबाई रसिका म्हणते, चालणं नावाला, खरी ओढ बोंबलांची.

गेल्या रविवारी तिथे पाच-सहा जण होडी काठावर ओढत होते. एक म्हातारा कडेला उभा राहून ताल देत होता. कोळ्यांचा नेहमीचा ताल नव्हता तो, परेडचा होता. खर्जातल्या, घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "एक दो एक, एक दो एक... थम!" होडी थांबली आणि तिच्याबरोबर पिशवी घेतलेला मीही जागच्या जागी टाचा जुळवून उभा. बाजूची बाई हसली.

तो राघो तर नसेल? रंगरूट असताना माझ्या शेजारच्या खाटेवरचा राघो तांडेल, टाकीच्या अपघातादिवशी पळून गेलेला. विरारच्या अलीकडे खाडीवर घर आहे, असं तो सांगायचा. विचारायचं धाडस झालं नाही. तुला काय वाटतं? सौ. आशास आशीर्वाद.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.
तुझा,
बबन

वडूज
२३ जानेवारी २०२५

श्री. बबनराव यांस,
स.न.वि.वि.

पत्र पोचलं. पोस्टमन विचारत होता, या काळात पत्र कोण लिहितं. मी म्हणालो, मेहुणा आहे, त्याला दुसरा उद्योग नाही.

राघोचं नाव वाचलं आणि ट्रेनिंग सेंटरचा चुन्याचा वास आला. तोफखान्यात भरती झालो म्हणून गावाने हार घातले होते आपल्याला, आणि पहिले तीन महिने आपण काय केलं? रस्त्याकडेचे दगड पांढरे केले, लंगरात स्वयंपाकाची डेगची घासली, संडास धुतले. आईला मी लिहिलं होतं की मला बंदूक मिळाली. मिळाला होता खराटा. संडासाची पाळी आली की तू नाकाला रुमाल बांधायचास. राघो मात्र बादली उचलून पुढे. म्हणायचा, मासळीच्या घरात वाढलेल्याला कसला आलाय वास.

त्या दिवशी जमिनीखालची पाण्याची टाकी घासायचं काम होतं. राघो धरून आम्ही चौघे आळीपाळीने उतरत होतो. ब्लीचिंग पावडरवर कुणीतरी ॲसिड ओतलं आणि त्याचा विषारी वायू झाला, हे नंतर कळलं. मला फक्त घसा जळल्याचं आठवतं. जाग आली ती हॉस्पिटलात. कवायत घेणाऱ्या उस्तादांनी बाहेर काढलं असं सगळे म्हणाले. मी परत आलो तर राघोची वळकटी गेलेली. आळ आपल्यावर येईल म्हणून भगोडा झाला, असं बराकीत ठरलं होतं. तेव्हापासून मीही तेच म्हणत आलो.

तेव्हा जपून. तो असलाच, तर नातवंडांदेखत त्याची लाज उघडी करू नकोस. पण गेलास तर मला सगळं लिही. आशा म्हणते, पत्र वाचल्यापासून मी दोनदा चहा थंड केला.

मायेत कमी पडू देऊ नये, ही विनंती.
तुझा,
गुणवंत

खारी, भाईंदर पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय गुणवंता,
स.न.वि.वि.

हे पत्र बसून वाच. आशाला शेजारी घे.

काल गेलो. म्हातारा अंगणात जाळं शिवत होता. मी बाजूला टेकलो, जाळ्याची, भरतीची चौकशी केली. तो बोलताना मध्येच धापा टाकतो. शेवटी मी आपलं आर्मीच्या हिंदीत विचारलं की आपके उस्ताद कौन थे. त्याची सुई थांबली. त्याने उस्तादांचं नाव बरोबर सांगितलं, मला निरखलं आणि माझंही सांगितलं. रोज कांदे सोलून रडायचा तो बबन, अशी माझी ओळख त्याच्याकडे शिल्लक आहे.

पुढे इकडचं तिकडचं काही नाही. त्याने पहिलं हेच विचारलं, "तो लांबडा पोऱ्या वाचला काय रं?"

मला आधी कळेना. मग त्याने सांगितलं. तो टाकीतला गाळ लंगरामागे टाकायला गेला होता. परत आला तर बाकीचे दोघे पाणी आणायला गेलेले, बादलीचा दोर सैल, हाक मारली तर उत्तर नाही. तोंडाला ओला टॉवेल बांधून, श्वास धरून तो खाली उतरला. खाडीत बुडी मारायची सवय, ती कामी आली. तुला वर ढकललं तिथे उस्ताद धावत आले, तुला खांद्यावर टाकून गाडीकडे पळाले. लोकांनी पाहिलं ते एवढंच. राघो मागे झुडपापाशी पडला. त्याला दुसऱ्या गाडीने शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. छाती कायमची अधू झाली, वळकटी मागाहून तिकडेच नेली आणि तिथूनच अनफिट ठरवून घरी पाठवलं. मी त्या वेळी लंगरात होतो, पोचलो तेव्हा दोन्ही गाड्या गेलेल्या. आपण बसलो गोष्ट रचत.

तुझं काय झालं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पुढे त्यानेच विचारणं सोडलं. म्हणाला, विचारलं नाही तोवर पोरगा जिवंतच होता.

मी म्हणालो, "तो माझ्या बहिणीचा नवरा आहे."

राघो खाडीकडे तोंड करून बसला. मग त्याने सुनेला, चंद्रावतीला, हाक मारली आणि चहा ठेवायला सांगितला. चहा आम्ही नुकताच घेतला होता.

भगोडा हा शब्द मी त्याच्यापुढे काढला नाही. तूही काढू नकोस.

आठवण असावी, म्हणण्याची गरज उरली नाही.
तुझा,
बबन

वडूज
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय राघो,
साष्टांग नमस्कार.

पत्ता बबनने दिला. हे पत्र मी बरेच दिवस लिहितोय, कागद फाडतोय. आभार हा शब्द लिहिला की तो शाळेतल्या कार्यक्रमातला वाटतो.

म्हणून फक्त माझ्याविषयी कळवतो. मी वाचलो. सुभेदार होऊन निवृत्त झालो. सुट्टीत बबनच्या घरी जाता-येता त्याच्या बहिणीशी लग्न झालं. एक मुलगी आहे, नाव पूर्वी, ती शिक्षिका आहे. थोडी शेती आहे. ऐकू कमी येतं. हे सगळं त्या दुपारनंतरचं. आशाने बबनचं पत्र वाचलं. संध्याकाळी म्हणाली, आपण तिकडे जायचं.

एक विचारू का? आपण चौघे पाळीपाळीने उतरत होतो. तू खाली गेलास तेव्हा आत कोण आहे, हे तुला माहीत होतं का? का विचारतोय, मलाही सांगता येणार नाही.

आमच्यावरची सावली अशीच राहू दे.
तुझा,
गुणवंत

मुर्धा
६ मार्च २०२५

गुणवंत यास राघोचा नमस्कार.

अक्षर सूनबाईचं हाय. मी सांगतोय, ती लिवतेय. घरी समदी बरी हायत. होलीची गडबड चाललीय. पोरीला आशीर्वाद.

तू इचारलंस त्याचं. न्हाय, ठावं नव्हतं. आत कालोख होता. कोन तरी हाय, येवढंच समजलं. हाताला लागला त्याला धरला. उजेडात आनला तवा तू निघालास. येवढा लांबडा मानूस त्या भोकातनं उतरला कसा, असं मनात आलं, मंग मला काय आठवत न्हाय.

त्या दिसाला तुला पायला तो डोले मिटलेला. तोच इतकी वर्सं दिसतोय. आता वैनीला घेवन ये, म्हंजे दुसरा दिसल.

माया हाय, घेवन जा.
राघो