मस्कतची शेवटची वेल

सोनगीर, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८९

हात दोनदा पुसला तरी ओलाच वाटतोय.

मळ्यातली मस्कत द्राक्षांची ओळ उद्या उपटायची, असं मीच ठरवलं होतं. नाना आषाढात गेले. वडिलांमागे ही पांढरी द्राक्षं सुरकुतेपर्यंत वेलीवर राखत बसणार कोण? गोड वाईनला तीच लागतात म्हणे. नाशिककडून कलमं आणली तेव्हापासून नाना हेच सांगायचे, घेणारा मात्र कधी फिरकला नाही. म्हणून यंदा त्या ओळीची छाटणी मी करूच दिली नाही.

आज दुपारी मळ्यात गेलो तर ओळ छाटलेली! काप इतके ताजे की पाणी ठिबकत होतं. आणि सगळे काप उलटे, डाव्या हाताचे. आमच्यात डावखुरे एकटे नानाच होते.

सखूबाई आमच्याकडे वीस वर्षं छाटणीला येते. तिने एक काडी वळवून पाहिली. "भाऊ, हाऊ ते नानासनाच हात शे," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून सरळ घरी निघून गेली.

कुणी चेष्टा केली असेल? पण नानांची कात्री पेटीत, आणि पेटीची किल्ली माझ्या करदोट्याला. घरी येऊन कुलूप काढलं. कात्री जागेवरच होती. हात लावला, तर पातं ओलं.

ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून निरोप धाडलाय. भीतीने नाही. ओळीतली शेवटची वेल तेवढी छाटायची राहिलीय. मी लहान होतो तेव्हापासून नाना ती माझ्यासाठी सोडायचे.