कमलाकांतचे दोन पौंड

भोईवाडा, परळ
१२ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप अप्पांना साष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि यशोदाताईचे गुडघे थंडीत जपून असतील अशी आशा. गिरगाव काही दूर नाही; पण तुमच्या घरात तुमच्याच मुलाचं, कमलाकांतचं, नाव काढायचं नाही असा दंडक आहे. लिहायला बंदी असल्याचं ऐकिवात नाही, म्हणून हे पत्र.

जॉकी होऊन तो घोड्यावर पोट भरतो हे तुम्हाला सलतं. वास्तविक तो पोट रिकामं ठेवूनच घोड्यावर बसतो. यंदा महालक्ष्मीला त्याने एकोणीस शर्यती जिंकल्या. (जुगाराला माझा विरोध कायम आहे, आकडा वर्तमानपत्रातला.) परवा रविवारी मोसमातली मोठी शर्यत होती. सकाळी तो आमच्या पाया पडायला आला आणि नेमक्या पुरणपोळ्या. "मामी, अर्धीच." "अर्धी? मांजराला वाढत्ये का मी?" म्हणून आमच्या दुर्गाने दोन वाढल्या. तूप मी वाढलं. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला की आणखी वाढायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं. हात धुताना तो शांतपणे म्हणाला, "मामा, शर्यतीआधी काट्यावर दोन पौंड जास्त भरलो तर घोडा दुसऱ्याला देतील."

उपाय एकच, घाम. माझे दोन स्वेटर आणि गरम कोट चढवून तो चालत निघाला. अपराधी म्हणून मीही. हिंदमाताशी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात सापडलो ते थेट लालबागपर्यंत. स्वेटरातल्या कमलाकांतला एक गिरणी कामगार म्हणाला, "काय रे, महाराष्ट्र हिमालयापर्यंत मागतोस काय?" त्यावर हा दुप्पट जोराने ओरडू लागला आणि मीही. (मी घोषणा महाराष्ट्रासाठी दिल्या की दोन पौंडांसाठी, याचा निकाल माझ्या डायरीत अजून लागलेला नाही.) तिथून सात रस्त्यापर्यंत पळालो.

काट्यावर तो बरोबर भरला आणि मानेभराच्या फरकाने जिंकला. उतरल्यावर म्हणाला, "अप्पांना कुणी सांगेल का हो?" मी म्हटलं, पेपरात येईलच. "ते पान अप्पा वाचायच्या आधी फाडतात."

तुमचा,
हेमचंद्र

ता. क. ताईच्या नावाने दरमहा त्याच्यासाठी येणारे डिंकाचे लाडू कृपया थांबवावेत. डब्याच्या दोरीची गाठ तुमची आहे, हे मी ओळखतो.

पुन्हा ता. क. 'लाडू कमलाकांतला आवडले' असं मी चार वर्षं कळवत आलो, ते खोटं होतं. त्याला ते चालत नाहीत. तो डबा नुसता उघडून वास घेतो आणि मिटतो. खातो मी. त्या गरम कोटाची बटणं मला म्हणूनच लागत नाहीत.

आणखी एक. येत्या रविवारी दोन वाजता मी महालक्ष्मीच्या फाटकाशी उभा राहीन. बोलायलाच हवं असं नाही. फक्त या, आणि रिकाम्या हाताने या.